क्वार्ट्झमध्ये चेरेनकोव्ह प्रकाश भरपूर मिळतो, तर एलएचसीबीच्या रिच डिटेक्टरमध्ये वायू का भरतात?

क्वार्ट्झचा अपवर्तनांक १.४७ आणि सीएफ-फोर वायूचा जेमतेम १.०००५, मग कमी प्रकाश देणारं माध्यम कुणी मुद्दाम का निवडेल, हा तुमचा प्रश्न डिझाइनच्या गाभ्याचा आहे. तुम्ही दिग्रसकडचे, मी दारव्ह्याकडे बीएस्सीला फिजिक्स शिकवतो, म्हणजे आपण शेजारीच. म्हणून सविस्तर लिहितो. कण एखाद्या पारदर्शक माध्यमातून, तिथल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने गेला, की त्याच्या वाटेभोवती शंकूसारखा प्रकाश फेकला जातो, तो चेरेनकोव्ह प्रकाश. एलएचसीबी हा सर्नमधला कणभौतिकीचा प्रयोग, आणि रिच म्हणजे या प्रकाशाचं कडं टिपून कण ओळखणारा त्यातला डिटेक्टर.

प्रकाश किती मिळेल हे नंतर बघायचं. आधी विचारायचं, कण किती संवेगाचे येणार? चुंबकीय क्षेत्रात कणाची वाट किती वाकली त्यावरून संवेग कळलेला असतो. वेगही कळला की वस्तुमान निघतं आणि कण पायॉन आहे की त्याहून जड केऑन, याचा निकाल लागतो. हा वेग चेरेनकोव्ह कोनातून, म्हणजे कणाची वाट आणि प्रकाशाची दिशा यांमधल्या कोनातून मिळतो: कोनाचा कोसाइन = १ ÷ (अपवर्तनांक × बीटा). बीटा म्हणजे कणाचा वेग भागिले निर्वातातला प्रकाशाचा वेग.

५० जीईव्ही संवेगाला (जीईव्ही हे कणभौतिकीतलं एकक) पायॉन आणि केऑन दोघेही प्रकाशाच्या वेगाला इतके भिडलेले असतात की त्यांच्या कोनांत फार थोडा फरक उरतो. दोन्ही वस्तुमानांच्या वर्गांची वजाबाकी करा आणि तिला (२ × संवेगाचा वर्ग × कोनाचा टॅन्जंट) ने भागा, की तो फरक अंदाजे मिळतो. टॅन्जंट छेदात आहे, सगळी मेख तिथेच. क्वार्ट्झमध्ये कोन ४७ अंशांचा, म्हणून फरक ०.०४ मिलिरेडियन (रेडियनचा हजारावा भाग). सीएफ-फोरमध्ये कोन दोन अंशांहूनही कमी, म्हणून १.४ मिलिरेडियन. जवळपास ३५ पट!

याची किंमत मोजावी लागते. दर सेंटिमीटरला निघणारे फोटॉन कोनाच्या साइनच्या वर्गावर ठरतात, ते वायूत सुमारे ५०० पटींनी कमी. म्हणून कणाला दीड मीटरहून जास्त वायूतून जाऊ द्यावं लागतं. शिवाय सीएफ-फोरमध्ये १५.६ जीईव्हीच्या खालचा केऑन प्रकाश देतच नाही. त्यासाठी चुंबकाच्या अलीकडे दुसरा डिटेक्टर, रिच-वन, आहे. त्यात सी-फोर-एफ-टेन भरतात, तिथे केऑनचा उंबरठा ९.३ जीईव्हीवर येतो.

बाबर या अमेरिकेतल्या कणभौतिकीच्या प्रयोगातले कण मात्र चारेक जीईव्हीपर्यंतचे. तिथे क्वार्ट्झच्या पट्ट्या अगदी योग्य होत्या: ४ जीईव्हीला फरक ६.५ मिलिरेडियन, आणि पट्टीची जाडी दोन सेंटिमीटरहूनही कमी. मला स्वतःला ते डिझाइन सगळ्यात देखणं वाटतं, कारण प्रकाश पट्टीतच आतल्या आत परावर्तित होत कोन जपून टोकापर्यंत जातो.

आता वायूत दीड मीटरभर वाटेवर निघालेल्या प्रकाशाचं एकच कडं कसं होतं? दाढीचा अंतर्गोल आरसा घेऊन दुपारी अंगणात या. आरसा थेट सूर्याकडे धरा आणि समोर वीतभर-दोन वीत अंतरावर, जिथे ठिपका बारीक होतो तिथे, चिमट्यात कापसाचं बोंड धरा (डोळे सांभाळा, धूर लवकर निघतो). एकाच दिशेने आलेले किरण आरशावर कुठेही पडले तरी नाभीपाशी एकत्र येतात. वायूतला प्रकाशही असाच: वाटेत कुठेही निघो, दिशा सारखी असली की एकाच बिंदूवर, आणि सगळ्या दिशा मिळून कडं. आता आरसा थोडा तिरपा करा. ठिपका पसरतो. प्रकाश टिपणारी उपकरणं कणांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून रिचचे आरसे तिरपेच बसवावे लागतात आणि त्यामुळे कडं किंचित पुसट होतं. तिरपेपणा किती चालवून घ्यायचा, यावर डिझाइन करणाऱ्यांचा बराच वेळ जातो, कारण १०० जीईव्हीला हाताशी फरक उरतो ०.३५ मिलिरेडियनच.

भिन्न रंगांसाठी अपवर्तनांक थोडा वेगळा असतो, तोही असाच त्रास देतो.

लॅपटॉप असेल तर पायथनमध्ये पायॉन, केऑन, प्रोटॉन यांच्या कोन-संवेग वक्ररेषा काढा: क्वार्ट्झ, एरोजेल (अतिशय हलका, सच्छिद्र घन पदार्थ; अपवर्तनांक १.०५) आणि सीएफ-फोर. एरोजेलमध्ये केऑनची रेषा १.५४ जीईव्हीपाशी सुरू झाली, तर गणित बरोबर. मग जिअँट-फोर या, कणांचा पदार्थातून होणारा प्रवास संगणकावर उभा करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळा. ते मोफत आहे आणि चेरेनकोव्ह प्रक्रिया त्यात तयारच मिळते. कुठे अडलात तर इथेच विचारा.