एक्सेलच्या चार्टमध्ये विजेच्या युनिटची लाइन तळाला चिकटून बसलीय, वर कशी आणायची?

तुमचा डेटा बरोबर आहे हो, फक्त बिलाचे आकडे १२००-१८०० आणि युनिट १००-१५०, दोन्ही एकाच अक्षावर टाकल्यावर युनिटची लाइन झोपणारच. त्या लाइनवर राइट क्लिक करा, फॉरमॅट डेटा सिरीज घ्या आणि तिथे सेकंडरी अ‍ॅक्सिस निवडा, की उजवीकडे तिच्यासाठी वेगळा अक्ष येतो. लाइन इतकी खाली असेल की माउसने पकडताच येत नाही, तर चार्टवर क्लिक करून वर फॉरमॅट टॅबमध्ये अगदी डावीकडे जो ड्रॉपडाउन असतो त्यातून सिरीजचं नाव निवडायचं आणि कंट्रोल दाबून १, झालं, तीच पट्टी उघडते.

मग उजव्या अक्षावर डबल क्लिक करून बाउंड्समध्ये मिनिमम ०, मॅक्सिमम २०० आणि मेजर युनिट (अक्षावरच्या दोन आकड्यांमधलं अंतर, विजेचं युनिट नव्हे) ५० टाका. पण एक लक्षात ठेवा, हाताने आकडा टाकला की तो फिक्स होतो, पुढच्या उन्हाळ्यात एसीमुळे युनिट २५० गेले तर लाइन चार्टच्या वरच कापली जाते आणि माणूस फॉर्म्युल्यात चूक शोधत बसतो (मी बसलोय, अर्धा तास). बाजूचं रीसेट दाबलं की परत ऑटो.

बिलाचे कॉलम असतील तर डावा अक्ष मात्र शून्यापासूनच ठेवा, १००० पासून सुरू केलात तर १२०० पेक्षा १४०० चा खांब डबल दिसतो. आणि दोन्ही अक्षांना टायटल द्या, रुपये कुठले नि युनिट कुठले ते घरच्यांना कसं कळणार?

गूगल शीट्समध्ये हेच कस्टमाइझ, सिरीज, राइट अ‍ॅक्सिस असं आहे.