बोरुटो बघायचा की सोडायचा?

प्रश्न: ताई, मी राजारामपुरीत राहतो, इंजिनिअरिंगला आहे. नारुटो आणि त्याचा पुढचा भाग शिप्पुदेन ही निंजांची जपानी ॲनिमे म्हणजे आपला जीव की प्राण, ७२० एपिसोड संपवलेत. आता नारुटोच्या पोराची गोष्ट, बोरुटो, लावलाय तर नुसती चिडचिड होतीय. घरात सगळं असून पोरगं बापावर तोंड टाकतंय, नारुटो होकागे (गावाचा प्रमुख) झाल्यापासून कुणाचाही मार खातोय, फिलर (भरीचे एपिसोड) तर संपता संपेनात. दोस्त म्हणतात सोडून दे. काय करू?

उत्तर: भावा, पहिल्या तक्रारीवर आपलं जमायचं नाही, बाकीच्या दोन्हींत मी तुझ्या बाजूनं.

नावाजलेल्या पैलवानाचा पोरगा खासबागेत उतरला की लोक त्याची कुस्ती बघतच नाहीत, बापानं हा डाव कसा टाकला असता तेवढंच बघतात, तू बोरुटोचं तेच करतोयस. नारुटोला आईबाप नव्हते, ह्याला बाप आहे पण तो घरी येत नाही, दुखणं वेगळं आहे राव. बोरुटोच्या बहिणीच्या, हिमावारीच्या वाढदिवसाचा एपिसोड परत लाव. बाप केक घेऊन आलाय, घर खूश, आणि टेबलापाशी पोचेपर्यंत बाप धूर होऊन गायब, केक खाली! खरा नारुटो ऑफिसात कामाखाली दबलेला, घरी पाठवला होता तो क्लोन, म्हणजे निंजाविद्येनं केलेली त्याची नक्कल. ज्या शॅडो क्लोनवर आपण लहानपणी शिट्ट्या मारल्या तोच इथं पोराच्या मुळावर आलाय. सिक्वेल लिहावा तर असा. पुढं चुनिन परीक्षेत (निंजांच्या बढतीची परीक्षा) पोरगं मशीन वापरून चीटिंग करतं आणि भर मैदानात बापच त्याची कपाळपट्टी काढून घेतो, तिथं दोघांचंही म्हणणं पटतं म्हणून जास्त लागतं. (तो छोटा रासेंगन, म्हणजे हातातला ऊर्जेचा गोळा, पण बघ. नारुटोचा जुना दोस्त सासुके आकाराबद्दल बोलला म्हणून पोरगं रुसून पळून जातं, आणि फेकलेला रासेंगन हवेत गायब होऊन मागं झाडावर जाऊन फुटतो, हे त्याला कळतच नाही. लई भारी सीन.)

आता तुझ्या बाजूचं. मंगा (कॉमिक) २०१६ ला आली ती महिन्याला एक चॅप्टर ह्या हिशोबानं, आणि २०१७ च्या एप्रिलपासून ॲनिमे आठवड्याला एक. मग आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून, म्हणून शाळेच्या गोष्टी, सहली, कुणाचंही काहीही. तेवढंही चाललं असतं, पण पहिल्याच एपिसोडच्या सुरुवातीला उद्ध्वस्त गाव आणि समोरासमोर बोरुटो आणि त्याच्याशी लढणारा कावाकी दाखवून ठेवलेत ना, आपण त्याचीच वाट बघत बसलो आणि मार्च २०२३ मध्ये २९३ एपिसोड होऊन गाडी तिथं न पोचताच थांबली. कबूल केलं की द्यायला पाहिजे, मला सगळ्यात जास्त राग त्याचाच.

नारुटो-सासुके कमजोर केलेत हे पण खरंच आहे. देवासारखी ताकद असलेली दोन माणसं गावात असली तर पोरांना लढायला कामच उरत नाही, म्हणून शिन उचिहा नावाच्या त्या व्हिलनपुढंसुद्धा दोघांची तारांबळ दाखवली, ते काय पटत नाही. नारुटोच्या अंगातल्या नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याचं, कुरामाचं, मात्र मी मान्य करते. इशिकी ह्या व्हिलनला हरवायला नारुटोनं बॅरियन मोड (जीव पणाला लावणारी ताकद) काढला आणि त्याची किंमत म्हणून कुरामा गेला, म्हणजे ताकद गेली ती का गेली हे आपल्यासमोर घडलं. मी रडले, सांगायला लाज कसली.

तर सोडू नको, गाळून बघ. वाढदिवसापासून मोमोशिकी ह्या व्हिलनच्या लढाईपर्यंत सलग, ६५ वा एपिसोड मोठ्या टीव्हीवर, मग थेट कावाकी येतो तिथून. पुढं मंगा वाच. नोव्हेंबर २०२० पासून नारुटोचे मूळ लेखक किशिमोतो स्वतः लिहायला लागलेत आणि २०२३ च्या ऑगस्टला मंगाचा दुसरा भाग, टू ब्लू व्होर्टेक्स, सुरू झाला, तिथं पोरं मोठी झालीत आणि गोष्टीला वेग आलाय.

प्रश्न: माझा १० वर्षांचा मुलगा नारुटो न बघता डायरेक्ट बोरुटो बघतोय. चालतं का? (कसबा बावड्याहून एक आई)

उत्तर: चालतंय की, तुलना करायला त्याच्याकडं काही नाही म्हणून तो आमच्यापेक्षा मजेत बघेल. कुरामा कोण हे मात्र त्याला कळायचं नाही, म्हणून सुट्टीत नारुटोचे पहिले १९ एपिसोड दाखवा, झाबुझा-हाकू ह्या दोन शत्रूंची गोष्ट तिथं पूर्ण होते. मारामारी आहे आणि शेवट जड आहे, तेव्हा तुम्ही पण सोबत बसा.