‘लाइफ बिलो झीरो’मधील हेलस्टोन कुटुंबाचे जीवन खरे आहे की केवळ कॅमेऱ्यापुरते?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. नॅशनल जिओग्राफिकच्या ‘लाइफ बिलो झीरो’ या मालिकेत हेलस्टोन कुटुंब शिकार आणि मासेमारीवर जगताना दिसते ते खरे आहे का, ही पहिली. आणि बाहेरून गेलेल्या माणसाला तसे जगता येईल का, ही दुसरी. वायव्य अलास्कातील एका शाळेत मी काही वर्षे गणित शिकवले. माझ्या वर्गातील बरीच मुले अशाच घरांतून येत आणि त्यांच्या आईवडिलांबरोबर मला अनेकदा नदीवर जाता आले. हेलस्टोन कुटुंबाशी माझी ओळख नाही, म्हणून त्यांच्याविषयी जे सर्वांना माहीत आहे तेवढेच लिहितो. पडद्यावर दिसणारे काम खरे आहे. परंतु त्या कामामागचे गाव, कायदा आणि पैसा चौकटीबाहेर राहतात, आणि त्यामुळे एक एकाकी कुटुंब निसर्गाशी झुंजत असल्याचा जो समज होतो, तो खरा नाही.

ही मालिका मे 2013 मध्ये सुरू झाली. ऍग्नेस हेलस्टोन या नूरविक येथील इनुपियाट या मूळनिवासी समाजातल्या, तर त्यांचे पती चिप हे तरुणपणी मोंटाना राज्यातून अलास्काला आलेले. नूरविक हे कोबुक नदीकाठचे गाव आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला जेमतेम 30 किलोमीटरवर आहे. बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता तिथे नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात स्नोमशीन (बर्फावर धावणारे छोटे वाहन) आणि एरवी छोटे विमान, एवढीच साधने. तरीही ते गावच आहे. तिथे शाळा, दुकान, चर्च आणि टपाल कार्यालय आहे, सहाशेच्या वर माणसे राहतात, आणि 2010 च्या अमेरिकन जनगणनेचा आरंभ याच गावातून झाला होता. मालिकेत कुटुंब बहुतेक वेळा तळ ठोकून राहिलेले दिसते, म्हणून प्रेक्षकाला गाव जवळपास असल्याची जाणीवच होत नाही.

आता कामाविषयी. शरद ऋतूत नदी गोठून बर्फ माणसाचे वजन पेलण्याइतका जाड झाला की त्याखाली जाळे लावतात. मालिकेत हे दृश्य मिनिटा-दोन मिनिटांत संपते. प्रत्यक्षात ते अर्ध्या दिवसाचे काम असते. लांब दांड्याच्या पहारीने एका ओळीत भोके पाडायची, पहिल्या भोकातून लांब काठीला बांधलेली दोरी बर्फाखालून पुढच्या भोकाकडे सरकवायची, तिथे ती आकडीने पकडून आणखी पुढे ढकलायची, आणि शेवटच्या भोकातून दोरी हाती आली की तिच्यामागून जाळे ओढून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी भोकांवर पुन्हा बर्फ धरलेला असतो. तो फोडून, तुकडे झाऱ्याने काढून, जाळे एका बाजूने बाहेर ओढतात. दुसऱ्या टोकाला दोरी बांधून ठेवलेली असते, म्हणजे मासे काढल्यावर जाळे तसेच परत आत खेचता येते. जाळ्याच्या आसातून मासा सोडवायला बोटे उघडी ठेवावी लागतात, आणि ओल्या बोटांना उणे वीस अंशांत वारा लागला की ती काही क्षणांत बधिर होतात. माझ्याबरोबरच्या आजी मधूनमधून हात पार्क्याच्या, म्हणजे टोपीवाल्या जाड कोटाच्या, आत काखेत धरत आणि लगेच पुन्हा कामाला लागत. बाहेर टाकलेला मासा तडफडतानाच कडक होऊ लागतो. तोच पुढे गोठलेल्या स्थितीत, कच्चा, पातळ कापून सीलच्या तेलात बुडवून खातात.

उन्हाळ्यातले काम वेगळे. सॅमन कापायला बायका उलू वापरतात. अर्धचंद्राकृती पाते आणि वर मधोमध मूठ असलेली ही सुरी ऍग्नेस यांच्या हातात आपण पाहिली असेल. मुंडके काढून, पाठीचा काटा सोडवून, दोन्ही बाजूंचे मांस शेपटीशी जोडलेलेच ठेवतात आणि त्यावर आडव्या चिरा पाडतात, म्हणजे ते आतपर्यंत सारखे वाळते. मग अर्नाळ्याकडे बोंबील वाळत घालतात तसे हे मासे आडव्या दांड्यांवर टांगले जातात. पाऊस लांबला तर माश्या अंडी घालतात आणि सगळी मेहनत वाया जाते. शिकारीचा थरार दाखवणारा कॅमेरा वाळवणापाशी फारसा थांबत नाही, पण घराचा हिवाळा निभावतो तो मुख्यतः याच कामाने.

कॅरिबू, म्हणजे तिकडची रानटी रेनडियर हरणे, पोहून नदी ओलांडत असताना होडीतून त्यांना मारण्याचे दृश्य पाहून अनेकांना ते अन्यायाचे वाटते. मला तसे वाटत नाही. कोबुक काठच्या अनियन पोर्टेज या जागी माणूस हजारो वर्षांपासून नेमक्या याच ओलांडणीवर शिकार करत आला आहे, हे उत्खननातून सिद्ध झाले आहे. पाण्यात अगदी जवळून गोळी डोक्यात बसते, जनावर जखमी होऊन दूर मरायला जात नाही आणि मांस वाया जात नाही. शिवाय कळपाचे पुढारी आधी निर्धोक पार होऊ द्यावेत, म्हणजे मागचे त्यांच्या मागाने येतात, ही शिकवण वडीलधारी मंडळी मुलांना आवर्जून देतात. खरी चिंता वेगळीच आहे. हा वेस्टर्न आर्क्टिक कळप 2003 मध्ये सुमारे 4 लाख 90 हजारांचा होता. 2023 मध्ये तो सुमारे 1 लाख 52 हजारांवर आला. अलीकडे कळप दक्षिणेकडे उशिरा निघतो. तोवर नर माजावर आलेले असतात आणि त्यांच्या मांसाला उग्र वास येऊन ते खाण्याजोगे राहत नाही. घराच्या वर्षभराच्या मांसाचा हिशेब त्यामुळे चुकतो, आणि ही टंचाई मला कोणत्याही अस्वलाच्या प्रसंगापेक्षा अधिक भीतीदायक वाटते.

कायद्याचा भाग बहुतेक प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानुसार सील, वॉलरस आणि ध्रुवीय अस्वल यांची शिकार करण्याची मुभा केवळ अलास्काच्या किनारपट्टीवर राहणाऱ्या मूळनिवासींना आहे. म्हणून या घरात सीलवर गोळी झाडण्याचा अधिकार ऍग्नेस आणि त्यांच्या मुलांना आहे. चिप यांना नाही. कॅरिबू आणि मासे यांचे नियम निराळे. 1980 च्या केंद्रीय कायद्याने संघराज्याच्या जमिनीवर ग्रामीण रहिवाशांना, मग ते कोणत्याही वंशाचे असोत, उपजीविकेच्या शिकारीत अग्रक्रम दिला. ग्रामीण लोकांना असा अग्रक्रम देणे अलास्का राज्याच्या घटनेत बसत नाही, असे अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये ठरवले, आणि तेव्हापासून एकाच नदीच्या काठी जमीन कोणाची यावर कोणाचा नियम लागू हे ठरते. एका नवराबायकोला एकाच होडीत वेगवेगळे कायदे लागू होतात, हे पडद्यावर जाता जाता येते. तिथल्या घरांत ते रोजच्या व्यवहाराचा भाग आहे.

पैशांविषयी. पेट्रोल, काडतुसे, जाळी, होडीचे इंजिन आणि स्नोमशीनचे सुटे भाग यांना रोख पैसा लागतोच. इंधन नदी मोकळी असताना तराफ्यांवरून येते आणि त्याची किंमत ऐकून शहरातला माणूस गप्प होतो. घरातले कोणी शाळेत, कोणी गावच्या कार्यालयात, कोणी रेड डॉग या जस्ताच्या खाणीत नोकरी करते. राज्याच्या तेलनिधीतून 1982 पासून दरवर्षी प्रत्येक रहिवाशाला लाभांशही मिळतो. मालिकेत काम करणे हा तसाच एक रोजगार आहे आणि त्याने त्यांची शिकार खोटी ठरत नाही. निर्माते प्रसंगांची जुळवाजुळव करतात का, या शंकेला मात्र आधार आहे. याच मालिकेतील एका महिलेने 2017 मध्ये निर्मात्यांविरुद्ध दावा दाखल करून, चित्रीकरणासाठी आपल्याला धोक्यात घातल्याचा आरोप केला होता.

सर्वांत जास्त निसटते ते वाटप. पहिला कॅरिबू मारणारा मुलगा तो घरी ठेवत नाही; मांस म्हाताऱ्यांना जाते. माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या शिकारीचे मांस प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून शेजारच्या आजींकडे, मामांकडे आणि एक पिशवी माझ्या दाराशी आणून दिली होती. ग्रामीण अलास्कात दर माणशी वर्षाला साधारण सव्वाशे किलो रानातले आणि पाण्यातले अन्न मिळवले जाते. त्यातला बराचसा भाग मोजक्या कष्टाळू घरांनी मिळवून इतरांना दिलेला असतो. राज्यात एकूण जेवढे मासे आणि प्राणी मारले जातात त्यात या उपजीविकेचा वाटा 1 टक्क्याच्या आसपास आहे. जवळजवळ सगळे उरलेले व्यापारी मासेमारीचे असते. कॅरिबू कमी होताना बोट आधी या घरांकडे दाखवले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

आता आपला दुसरा प्रश्न. भारतातून जाऊन असे जगणे जवळपास अशक्य आहे. परदेशी पर्यटकाला अलास्कात कोणत्याही मोठ्या प्राण्याची शिकार परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय करता येत नाही. रहिवासी ठरण्यासाठी सलग 12 महिने तिथे वास्तव्य करावे लागते, आणि त्यासाठी आधी व्हिसा हवा. मोकळी दिसणारी जमीनही मोकळी नाही. मूळनिवासींच्या जमिनीवरील हक्कांविषयी 1971 मध्ये निघालेल्या तोडग्याने सुमारे 4.4 कोटी एकर जमीन मूळनिवासींच्या महामंडळांकडे आली, आणि कोबुक परिसरात बरीच जमीन नाना या महामंडळाची आहे. तिथे परवानगीशिवाय झोपडी बांधणे हे अतिक्रमण ठरते. तिकडे जाण्याची खरोखर इच्छा असेल तर शिक्षक, परिचारिका किंवा औषधनिर्माता यांसाठी गावांत जागा निघतात. त्या मार्गाने जा, पहिल्या वर्षी बंदुकीचा विचारही करू नका, आणि कोणी मासे कापायला बोलावले तर नाही म्हणू नका.