कॅराव्हॅनने पोरांना नेताय? आधी मुक्काम ठरवा, मग यादी

तुमची सामानाची यादी वाचली. सांगलीहून डिसेंबरात चार रात्री, भाड्याची कॅराव्हॅन (आत झोपायची आणि संडासाची सोय असलेली गाडी) चालकासकट, वाई-महाबळेश्वर-तापोळा, सोबत तीन वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. वर प्रश्न असा की यात अजून काय राहिलं? ताई, राहिलं काहीच नाही, झालंय तेच जास्त आहे. तूर्त यादी बाजूला ठेवा आणि चारही रात्री गाडी नेमकी कुठे उभी राहणार ते पक्कं करा. पाणी, वीज आणि संडास मुक्कामाला मिळणार की गाडीतलंच वापरायचं, यावर निम्मं सामान ठरतं.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, पण जाऊ तिथे अशा गाड्या मुक्कामाला लावायचा आखीव पार्क मिळेल असं धरून निघू नका. आपल्या भागात खरं जमतं ते कृषी पर्यटन केंद्राचं आवार, एखादं रिसॉर्ट, नाहीतर ओळखीच्यांचं शेतघर. फोनवर विचारायचं ते एवढंच: जागा सपाट आहे का, पंधरा अँपिअरचा प्लग गाडीपर्यंत पोचेल का, आणि रात्री दोन वाजता संडासाला कुलूप तर नसेल ना. गाडीची उंची भाड्याने देणाऱ्याकडून आधी घ्या आणि मुक्कामवाल्याला सांगा. 'ट्रक येतो की आमच्याकडे' या उत्तरावर समाधान मानू नका, कमान आणि आंब्याची खाली आलेली फांदी यांचा फोटोच मागवा. आणि चालक कुठे झोपणार? हे बहुतेक जण विसरतात. दुसऱ्या दिवशी तुमची पोरं घेऊन घाट चढणाऱ्या माणसाला रात्री पाठ टेकायला धड जागा हवी. त्याची खोली आणि जेवण खर्चात धरा.

पहिली रात्र वाईच्या आसपास काढा. सांगलीहून पेठ नाका-कराडमार्गे साताऱ्यापर्यंतच सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतात. त्यात त्याच दिवशी घाट नको. वाईला गाव, दवाखाना, दुकानं हाताशी आहेत, काही राहिलं असेल तर तिथेच कळतं आणि तिथेच मिळतं. संध्याकाळी मेणवलीच्या घाटावर पोरांना मोकळं सोडा, पण कृष्णेच्या पायऱ्यांवर धाकटीचा हात धरूनच. सकाळी लवकर पसरणी घाट चढा. साताऱ्याहून मेढा-केळघरचा रस्ताही वर जातो, पण लांब गाडीला मी पसरणीच निवडेन. सुट्टीच्या दिवसांत पाचगणी ते महाबळेश्वर गाड्यांची रांग लागते, म्हणून लवकर म्हणजे खरंच लवकर.

घाटाच्या आधी पोरांना पोटभर दूध देऊ नका. कोरडी पोळी किंवा दशमी दोन घास, तीही तास-दीड तास आधी. घाटात मोबाइल बंद, नजर समोरच्या काचेतून लांब. थोरल्याला साताऱ्याचा आलेपाक चघळायला द्या. उलटीचं औषध द्यायचं की नाही आणि किती, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. एका पिशवीत टॉवेल, दोघांचा एकेक कपड्यांचा जोड आणि जाड पिशव्या भरून ती सीटजवळ अडकवा. मागच्या कप्प्यात ठेवलीत तर ऐन वळणावर ती काढायला उठावं लागेल, आणि चालत्या गाडीत उठायचं नाही हा नियम मोठ्यांनाही आहे.

त्यावरूनच महत्त्वाचं. कॅराव्हॅनमध्ये पलंग दिसला की पोरं त्यावर लोळत प्रवास करायला बघतात, आणि आपणही कौतुकाने फोटो काढतो. गाडी चालू असताना पलंग वापरायचा नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट नसेल तर मोटार वाहन कायद्यात एक हजार रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा, करकचून ब्रेक लागला तर काय होईल ते बघा. बुकिंगआधी विचारा: पुढे तोंड असलेल्या, पट्ट्याच्या सीटा किती? धाकटीची सीट तुम्ही घरून आणणार असाल तर ती त्या पट्ट्यात बसते का? पाच जण आणि चालक धरून हिशेब जमत नसेल तर ती गाडी घेऊ नका, आतला टीव्ही कितीही मोठा असो.

वीज. गाडीत बारा व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर कागदावर ती १,२०० वॅट-तास होते. दिवे, छोटा पंखा, मोबाइल यांना रात्रभर पुरेल. इंडक्शन शेगडी लावलीत तर तासाभराच्या आत आटोपेल. म्हणून यादीतली इंडक्शन आणि केटल प्लग मिळणार असेल तरच न्या. रात्री थंडी किंवा उकाडा म्हणून इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, आणि बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडकी बोटभर उघडी ठेवा, जाळी लावा. डिसेंबरात महाबळेश्वरला रात्री चांगलीच थंडी पडते. यादीतली चार फॅन्सी ब्लँकेटं काढून घरातल्या दोन वाकळा टाका, खाली अंथरायलाही होतात.

गाडीतला संडास रात्रीपुरता आणि धाकटीच्या घाईपुरता. ओले वाइप्स त्यात टाकायचे नाहीत, तुंबला की सगळी सहल तिथेच. टाकी रिकामी करायची ती मुक्कामाच्या संडासात, विचारून, ओढ्यात नव्हे. धाकटीचं घरचं पॉटी भांडं मात्र न्याच. अंघोळी मुक्कामाला गरम पाणी मागून बादलीने. पिण्याचा वीस लिटरचा जार वेगळा ठेवा, टाकीचं पाणी पिऊ नका.

खाण्याचं तुम्ही खूपच लिहिलंय. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुगाच्या खिचडीचा डाळ-तांदूळ मोजून बांधलेल्या पुड्या, तूप, केळी. एवढ्यावर दोन दिवस निघतात, पुढचं वाटेत मिळतं. भडंग न्या, सांगलीकर नेणारच, पण धाकटीला त्यातले शेंगदाणे चालत्या गाडीत नकोत. ठसका लागला की घशात अडकतात. महाबळेश्वरला माकडं उघड्या दारातून आत येतात. खायचं सगळं झाकणाच्या डब्यात, आणि पोरांच्या हातात पुडा देऊन खाली उतरू नका.

औषधात पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे लिहून घेतलेलं, थर्मामीटर आणि ओआरएस. पाकिटावर लिहिलं असेल तेवढंच पाणी, मोठ्या पाकिटाला एक लिटर, आणि कालवलेलं चोवीस तासांनी टाकून द्यायचं. टेट्रापॅकमधलं गोड फळपेय म्हणजे ओआरएस नव्हे. सासूबाईंच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा. १०८ सगळ्यांच्या फोनमध्ये हवा.

खेळणी? दोघांना एकेक छोटी पाठपिशवी, त्यात मावेल ते त्यांचं. हातातला टॉर्च मात्र प्रत्येकाला स्वतःचा द्या, अंधारात कुरकुर निम्म्याने कमी होते. निघायच्या आदल्या आठवड्यात एक रात्र सगळ्यांनी घरातल्या सगळ्यात लहान खोलीत झोपून बघा. कोण लाथा मारतं आणि कोणाला कडेला झोपवायचं नाही ते तिथेच कळेल.

तापोळ्याला उतरताना रस्ता अरुंद आणि वळणाचा आहे, उजेडातच उतरा. शिवसागर जलाशयात बोटीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का ते पैसे देण्याआधी बघा. मोठ्यांचं जॅकेट तीन वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून वर निसटतं. मापाचं नसेल तर एकाने तिला घेऊन काठावर थांबा, बाकीचे फेरी मारून येतील.