मेंदूचं मॉडेल थर्माकोलचं करावं की मातीचं?

मुलगी आठवीत, आठ दिवसांत मेंदूचं मॉडेल द्यायचंय, थर्माकोल बरा की माती, असं विचारलंय तुम्ही. मातीचं करा. थर्माकोल कापताना घरभर दाणे उडतात आणि शेवटी मेंदू फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो.

आम्ही खानापूरचे, कुंभारमातीला तोटा नाही. 1994 साली मी सातवीत असताना केला होता. आत वर्तमानपत्राचा बोळा, वरून मातीचा थर. मोठ्या मेंदूच्या वळ्या हातानं वळून कंटाळले, तेव्हा आईचा सोऱ्या काढला, जाड शेवेची चकती घातली आणि माती भरून दाबली. काय वळ्या पडल्या म्हणून सांगू! दिवाळी चार दिवसांवर. आई म्हणाली, "आता चकल्या कशात पाडू, तुझ्या डोक्यात?"

लहान मेंदूला मात्र सोऱ्या लावला नाही. तिथल्या घड्या बारीक, एकीला लागून एक. म्हणून कंगव्याचे दात ओढले. सरांनी बघितलं. "लहान मेंदू म्हणजे मोठ्याचंच लहान रूप की गं, ह्या रेघा कशाला?" ओल्या अंगठ्यानं सगळ्या पुसल्या आणि वर सोऱ्याच्याच वळ्या चिकटवायला लावल्या.

बेळगावला प्रदर्शनात तपासायला आलेल्या बाईंनी नेमकं तेच विचारलं, दोन्हीकडं सारखंच कसं? मी सरांकडं बघितलं, सर छताकडं. मग लहान मेंदूचं कन्नड नाव विचारलं. मी ठोकून दिलं, "चिक्क मेदुळु." त्या हसल्या. "किरुमेदुळु." नंबर गेला, शब्द तेवढा राहिला.

पुढच्या रविवारी बाबांनी मटणाबरोबर भेजा आणला. मागच्या अंगाला तो छोटा गोळा, कंगवा फिरवल्यागत रेघांचा! ताटलीत घेऊन तशीच सरांच्या घरी गेले. सर माळकरी, ताटली उंबऱ्याबाहेरच ठेवायला लागली. लांबूनच म्हणाले, "बकऱ्याचं वेगळं, माणसाचं वेगळं."

काही वेगळं नाही. माणसाचा लहान मेंदू वजनाला सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण निम्म्याहून जास्त चेतापेशी त्याच्यातच. एवढ्या मावायच्या तर घड्या बारीकच लागणार. बाजारातल्या तयार मॉडेलातही तो कधीकधी गुळगुळीत असतो. तेव्हा मुलीला कंगवा द्या आणि शाळेत कुणी पुसायला लागलं तर हात धरायला सांगा.

हां, माती जाड थापली की तडकते. बोटभर थर पुरे, आणि सावलीत वाळवा. पावसाळा असेल तर कागदाचा लगदाच बरा, हे आधी सांगायला हवं होतं. खऱ्या मेंदूचं वजन 1300 ते 1400 ग्रॅम असतं, मातीचा त्याहून जड झाला तर बसमधून नेताना हात भरून येतात. नावांच्या चिठ्ठ्या मराठीबरोबर कन्नडमध्येही लावा. आणि सोऱ्या जुना घ्या.