त्सुनामी राहू दे, घराचा विमा आहे का ते बघा

प्रश्न: वय ५३, व्हीआरएस घेतली आहे. श्रीवर्धनला समुद्रापासून शंभर मीटरवर १,८०० चौरस फुटांचं घर घेऊन होमस्टे चालवतो. कर्ज ३० लाख, १२ वर्षं, ९ टक्के. हप्ता भरण्याआधी महिन्याला ४५ हजार सुटतात. बँकेने कर्जासोबत विमा दिलाच आहे; भूकंप-त्सुनामीसाठी वेगळा घ्यावा का? शेजारचा प्लॉट २५ लाखांत मिळतोय, एफडीत ३२ लाख आहेत.

उत्तर: तुम्ही पाठवलेली पॉलिसी वाचली. तिच्यात घर कुठेच नाही! तुम्ही गेलात तर कर्ज फिटेल. घर गेलं तर दमडी मिळणार नाही. या विम्याचे १.९ लाख कर्जातच घातलेत, म्हणजे व्याजासकट ३.१ लाख. बँकेतल्या कुणाचं तरी टार्गेट पूर्ण झालं.

त्सुनामीची भीती अगदीच खुळी नाही. २८ नोव्हेंबर १९४५च्या पहाटे पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यालगत भूकंप झाला आणि काही तासांत सुमारे दोन मीटरची लाट मुंबईला पोचली. आता हैदराबादच्या त्सुनामी इशारा केंद्राकडून इशारा मिळतो, पण इशाऱ्याने माणसं पळतात, भिंती नाही. तरी तुमच्या हयातीत ‘निसर्ग’ चक्रीवादळासारखं वादळ येण्याची शक्यता कितीतरी जास्त. २०२०च्या जूनमध्ये तुमच्याच भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या.

वादळ, भूकंप, त्सुनामी हे सगळं एकाच साध्या पॉलिसीत येतं. राहत्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आहे. पण तुम्ही खोल्या भाड्याने देता, तेव्हा अर्जात होमस्टे असं स्पष्ट लिहा आणि छोट्या धंद्यांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीची चौकशी करा. एजंट ‘घरच लिहू, स्वस्त पडतं’ म्हणाला तर दुसरा एजंट बघा. रक्कम बांधकामाची धरा: चौरस फुटाला अडीच हजार धरले तर ४५ लाख. जमिनीची किंमत त्यात येत नाही, बुडालेलं बुकिंगही आपोआप येत नाही.

आता प्लॉट. ४५ हजार तुम्ही बारा महिने धरलेत. पावसाळ्यात कोण येतं? आठ महिन्यांचे ३.६ लाख होतात. हप्ता महिना ३४ हजार, वर्षाला ४.१ लाख. म्हणजे रंगरंगोटी, गळती काढण्याआधीच पन्नास हजारांची खोट. घर, धंदा, कर्ज सगळं एकाच किनाऱ्यावर आहे, आणि उरलेली एफडीही तिथेच ओतायची म्हणता!

प्लॉटवाल्याला नाही म्हणून कळवा. एफडीतले १२ लाख कर्जात भरा आणि मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून मागा. तो साडेवीस हजारांवर येईल. उरलेल्या २० लाखांना हात लावू नका.