थांबू की आत्ताच घेऊ?

प्रश्न : दादा, व्हिडिओ एडिटिंगसाठी पीसी असेंबल करायचाय, पैसे बाजूला ठेवलेत, पण मित्र म्हणतो नवीन प्रोसेसर येतायत, थांब. दिवाळीपासून थांबलोय. काय करू?

उत्तर : अरे, दिवाळीपासून? आणि तोवर एडिटिंग त्या रडक्या लॅपटॉपवरच ना? नवीन काहीतरी कायमच येत असतं रे. लाँचची तारीख जाहीर झालीय आणि महिन्यावर आलीय, तरच थांबण्यात अर्थ, आणि तेव्हाही फायदा बहुतेकदा जुन्या मालाचा भाव उतरतो त्याचा. मी २०२० च्या शेवटी ग्राफिक कार्ड स्वस्त होईल म्हणून थांबलो, मग चिपची टंचाई आणि क्रिप्टो मायनिंगवाल्यांची (आभासी चलन मिळवायला हीच कार्डं लागायची) खरेदी, २०२१ मध्ये भाव असे चढले की नुसता बघतच बसलो.

त्यापेक्षा सॉकेट बघ, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा. २०१७ च्या कितीतरी एएम४ (एएमडी कंपनीचं सॉकेट) बोर्डांवर बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी प्रोसेसर चालतो, म्हणजे फक्त प्रोसेसर बदलायचा, बाकी सगळं तेच! तसंच आत्ता एएम५, म्हणजे एएम४ नंतरच्या सॉकेटचा, बोर्ड घे, त्याला डीडीआर५ रॅमच लागते, आणि एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणारा डबा) कंजूषी नको. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असशील तर बिल पक्कं घे, वॉरंटीला तेच लागतं.